शाब्ली : कालवांच्या खडकावरची वाइन

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे १८० किलोमीटर अंतरावर, सेरँ नदीच्या काठी शाब्ली हे छोटे गाव वसले आहे. गावाभोवतीच्या टेकड्यांवर पिकणाऱ्या शार्दोने जातीच्या द्राक्षांपासून होणारी पांढरी वाइन याच नावाने ओळखली जाते. ती ‘कोरडी’ असते, म्हणजे तिच्यात गोडवा जवळजवळ नसतो. फिकट सोनेरी रंगातील हिरवट झाक, हिरव्या सफरचंदाचा व लिंबाचा गंध आणि जिभेवर उमटणारी आंबट धार ही तिची लक्षणे होत.

या भागात द्राक्षवेलींचा विस्तार होण्यास १११४ मध्ये स्थापन झालेल्या पाँतिन्यी मठातील सिस्टर्शियन साधूंचा मोठा हातभार लागला. येथील जमीन किमरिजियन काळातील, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीयुक्त मातीची आहे. तेव्हा हा प्रदेश उथळ समुद्राखाली होता. त्यामुळे मातीत स्वल्पविरामाच्या आकाराच्या इवल्याशा कालवांचे जीवाश्म आजही सापडतात. मातीतील खनिजांची चव मुळांवाटे थेट वाइनमध्ये उतरते, या समजुतीला मात्र विज्ञानाचा आधार नाही. थंड हवामान, उताराची दिशा आणि निचरा यांचा परिणाम अधिक मोलाचा.

शाब्लीच्या चार श्रेणी आहेत. पठारावरील तुलनेने नव्या खडकावर पिकते ती ‘पती शाब्ली’, त्यावरची साधी ‘शाब्ली’, मग ‘प्रमिए क्र्यू’ आणि सर्वांत वरची ‘ग्राँ क्र्यू’. गावासमोरच्या एकाच टेकडीच्या नैर्ऋत्याभिमुख उतारावर ब्लाँशो, बुग्रो, ले क्लो, ग्रनुई, प्रज, वाल्म्यूर आणि व्होदेझीर हे ग्राँ क्र्यूचे सात मळे असून त्यांचे एकूण क्षेत्र शंभर हेक्टरांच्या आसपास आहे. शाब्लीच्या नावाला १९३८ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. बहुतेक वाइन पोलादी टाक्यांत मुरवली जाते. वरच्या श्रेणींसाठी काही उत्पादक ओक लाकडाची पिंपे वापरतात.

दहिवराशी झुंज

शाब्लीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वसंत ऋतूतील गोठलेले दहिवर. एप्रिलमध्ये कोवळे कोंब फुटतात आणि एका रात्रीत पारा शून्याखाली उतरला, तर वर्षाचे पीक हातचे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा किडीने मळे उद्ध्वस्त केले होते, तर रेल्वेने दक्षिणेकडील स्वस्त वाइन पॅरिसच्या बाजारात आणून सोडली होती. त्यात दहिवराची भर पडली आणि १९५०च्या दशकात लागवड जेमतेम ५०० हेक्टरांवर आली. आज ती ५,००० हेक्टरांहून अधिक आहे. मळ्यांत रात्रभर शेगड्या व मेणबत्त्या पेटवणे हा एक उपाय. वेलींवर पाण्याचे तुषार सोडणे हा दुसरा. गोठताना पाणी उष्णता बाहेर टाकते आणि बर्फाच्या कवचात कोंब शून्य अंशाच्या जवळपास तग धरतो. तरीही २०१६ आणि २०२१ मध्ये मोठे नुकसान झाले. हवामान तापत चालल्याने कोंब लवकर फुटतात आणि दहिवराच्या तावडीत सापडतात. शिवाय अधिक उष्णतेत द्राक्षातील आम्लता घटते. ज्या आंबट धारेवर शाब्लीची कीर्ती उभी आहे, तिलाच हा धोका आहे.

सोबत काय खावे?

तळलेल्या मासळीवर लिंबू पिळण्यामागे जे तत्त्व आहे, तेच येथे लागू पडते. आम्लतेमुळे तेल-लोण्याचा जडपणा कमी होतो आणि खारेपणा खुलतो. म्हणूनच कच्ची कालवे आणि शाब्ली ही जोडी सर्वश्रुत आहे. शिंपल्या, कोळंबी, वाफवलेली किंवा लोण्यात परतलेली मासळी यांच्याशीही तिचे उत्तम जमते. स्थानिक घरांत लसूण-लोण्यातील गोगलगायी, आँदुयेत नावाचे आतड्यांचे सॉसेज आणि चीजचे गुजेर हे पोकळ गोळे तिच्यासोबत खातात. मांस-मासळीऐवजी शेळीच्या दुधाचे चीज, शेजारच्या भागातील मऊ शाऊर्स किंवा मुरलेले काँते योग्य. ग्राँ क्र्यूसोबत लॉब्स्टर अथवा मलईच्या रश्श्यातील कोंबडी शोभते. झणझणीत मसाल्यांपुढे मात्र तिचा नाजूक गंध दबून जातो. साधी शाब्ली ८ ते १० अंश सेल्सिअसला द्यावी. ग्राँ क्र्यू थोडी कमी थंड, १२ अंशांच्या पुढे.

बाटली घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिका व ऑस्ट्रेलियात कोणत्याही स्वस्त पांढऱ्या वाइनला ‘शाब्ली’ म्हणण्याची प्रथा दीर्घकाळ होती. युरोपीय संघाशी झालेला करार २०१० मध्ये अमलात आल्यावर ऑस्ट्रेलियाने हे नाव सोडून दिले. अमेरिकेत मात्र २००६ च्या करारात जुन्या लेबलांना सवलत मिळाली. त्यामुळे लेबलावर फ्रान्सचा आणि संरक्षित नावाचा उल्लेख असेल, तीच खरी शाब्ली.