सावद्याच्या परसांतील वसंत

इतिहास म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें किल्ले, सनदा आणि लढाया उभ्या राहतात. ज्यावर मोर्तब नाहीं तो कागद इतिहासाचा नव्हे, ही जुनी समजूत अलीकडे ढिली झाली असली तरी पुरती गेलेली नाहीं. परंतु मोर्तबाखेरीजचींही कांहीं साधनें असतात, आणि तीं फार दूर शोधावीं लागत नाहींत. फाल्गुन सरतां सरतां खानदेशांतील एखाद्या जुन्या घराच्या परसांत जाऊन उभें राहावें. मोगऱ्यानें कळी धरलेली असते. पानें झडलेल्या पांढऱ्या चाफ्याच्या बोडक्या फांद्यांवर फुलांचे झुबके येऊं लागलेले असतात. जास्वंद आणि कण्हेर फुललेल्या असतात, आणि कुंपणावरची बोगनवेल रंगानें पेटलेली असते. हीं फुलें एका काळचीं नव्हत आणि एका देशाचींही नव्हत. तीं कोणीं आणिलीं, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे तीं कोणीं ठेविलीं, हा प्रश्न आम्ही येथें सावदा या एका गांवाच्या निमित्तानें विचारीत आहों.

सावदा हें जळगांव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यांतील गांव, उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी यांच्यामधील काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत वसलेलें. आज त्याचें नांव केळीच्या व्यापारामुळें दूरवर गेलें आहे. येथील वसंत मात्र फार थोड्या दिवसांचा. थंडी गेली न गेली तोंच ऊन तापूं लागतें. चैत्रांत पारा चाळीस अंशांपुढें सरकतो आणि वैशाखांत पंचेचाळिसांच्या आसपास जातो. तापी जवळ असली तरी तिचे कांठ इतके उंच कीं पूर्वीं तिचें पाणी शेतांबागांस सहज चढत नसे. जें पाणी मिळे तें विहिरीचें, आणि तें घरापर्यंत येई तें बहुधा बायकांच्या डोक्यावरून. असल्या पाण्यापैकीं स्वच्छ पाणी झाडाच्या वांट्यास क्वचितच येई. त्याला मिळे तें न्हाणीचें आणि भांडीं विसळल्याचें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील विवेचन तिच्यावरच उभें आहे.

परसांतील सर्वांत जुना थर नांवांवरून ओळखतां येतो. संस्कृतांतील जाति ती आमची जाई, यूथिका ती जुई, करवीर तो कण्हेर. आणि परसापलीकडे सातपुड्याच्या उतारावर याच दिवसांत लाल होणारा पलाश तो पळस. हातोहात फिरून नाणें गुळगुळीत व्हावें तशीं हीं नांवें झालेलीं आहेत. पोथींत राहिलेला शब्द झिजत नाहीं. जो रोज तोंडांत असतो तोच झिजतो. म्हणून नांवाची ही झीज हाच त्या फुलांच्या दीर्घ सहवासाचा पुरावा होय.

दुसरा थर बऱ्हाणपुराचा. सावद्याहून ईशान्येच्या बाजूस, तापीच्याच कांठीं असलेलें हें शहर आज मध्य प्रदेशांत मोडतें. परंतु तें पूर्वीं खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होतें, आणि १६०१ मध्यें अकबरानें अशीरगड घेतल्यावर मोंगलांच्या दक्षिणेंतील कारभाराचें मोठें ठाणें झालें. बाग म्हणजे आधीं पाणी, हें मोंगल पक्कें जाणून होते. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान याच्या अमदानींत सातपुड्याच्या पायथ्याचें पाणी जमिनीखालील बोगद्यांनीं शहरांत आणण्याची, इराणी पद्धतीची योजना तेथें झाली. तिचे अवशेष ‘कुंडी भंडारा’ या नांवानें आजही पाहावयास मिळतात. नदीपलीकडे जैनाबादेस शाही बाग होती. १६३१ मध्यें मुमताजमहल बऱ्हाणपुरीं वारली तेव्हां तिचा देह आग्र्यास नेण्यापूर्वीं कांहीं महिने याच बागेंत ठेविला होता.

या दरबारी संस्कृतीनें आमच्या भाषेंत ‘गुल’ आणिला. फारसींत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे वास्तविक गुलाबपाणी. आमच्या लोकांनीं पाण्याचें नांव उचलून फुलासच देऊन टाकिलें. यावरून असें वाटतें कीं, आमच्या पुष्कळ घरांत या फुलाच्या आधीं त्याचें पाणी पोंचलें असावें, आणि तें लग्नमुंजींतल्या गुलाबदाणींतून. देवघेव एकाच बाजूनें चालली असेंही नव्हे. अबुल फजलनें ‘ऐन-इ-अकबरी’ंत सुवासिक फुलांची जी यादी दिली आहे तींत चंपा, चमेली, केतकी हीं येथील फुलें मानानें बसलेलीं आहेत.

तिसरा थर फसवा आहे, कारण तो दुसऱ्याचा पोषाख घालून येतो. गुलबास हें नांव फारसी गुलअब्बासीवरून आलेलें. पण त्या झाडाचें मूळ अमेरिका खंडांतील. गुलछडी अथवा निशिगंध मेक्सिकोचा. दसऱ्याला ज्याच्यावांचून आमचें तोरण होत नाहीं तो झेंडूही तिकडचाच. आणि जो पांढरा चाफा आम्ही देवळांदेवळांतून पाहतों, ज्याला कित्येक ठिकाणीं देवचाफाच म्हणतात, तोही मूळचा मध्य अमेरिकेच्या बाजूचा. आमचा जुना चंपक तो सोनचाफा. परक्या झाडाला त्याचें नांव मिळालें आणि पुढें देवाचें विशेषणही मिळालें. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर हीं झाडें समुद्रापार निघालीं, आणि पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीजांच्या व इतर फिरंग्यांच्या व्यापारांतून हळूहळू आंत सरकलीं.

चौथा थर इंग्रजी अमलाचा. सावदा १७६३ मध्यें निजामाकडून पेशव्यांकडे आलें आणि लवकरच सरदार रास्त्यांकडे गेलें. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या हातीं गेला. १८६० नंतरच्या दशकांत भुसावळावरून खांडव्याकडे लोहमार्ग निघाला. त्यावर सावद्याचें स्टेशन आलें, आणि १८७० मध्यें तोच मार्ग जबलपुरावरून कलकत्त्यास जाऊन मिळाला. साहेबांच्या बंगल्यांभोंवतीं फ्लॉक्स, पिटुनिया, हॉलिहॉक यांचे ताटवे हिंवाळ्यांत फुलूं लागले. मादागास्कर बेटावरचा गुलमोहर रस्त्यांच्या कडेस आला. बोगनवेल ब्राझीलची. १७६७ मध्यें बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्द्याच्या सफरींत कोमर्सोन या वनस्पतिशास्त्रज्ञास ती सांपडली. त्याच्याबरोबर पुरुषवेषानें वावरणारी झान बारे ही बाई त्याला वनस्पति गोळा करण्यांत मदत करीत होती. वेलीला मात्र नांव मिळालें तें जहाजाच्या नायकाचें.

येथवर जें सांगितलें तें आणणारांचें झालें. फुलांचा इतिहास सामान्यतः येथेंच संपवितात: अमुक फूल अकबराच्या काळीं आलें, तमुक साहेबांनीं आणिलें. परंतु येणें निराळें आणि राहणें निराळें. बंगल्यांतले ते ताटवे आज कोणाच्या परसांत आहेत? माळी गेला, भिस्त्याची पखाल गेली, आणि फाल्गुनाच्या पहिल्या झळीबरोबर तेही गेले. उलट चाफा, झेंडू, गुलबास, सदाफुली यांना ना माळी होता ना पखाल, तीं टिकलीं. याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, खानदेशांतील परसांत शिरणाऱ्या प्रत्येक फुलास तीन कसोट्या द्याव्या लागत, आणि त्या घेणाऱ्या घरांतील बायका होत्या.

पहिली कसोटी पाण्याची: न्हाणीच्या पाण्यावर आणि वैशाखाच्या उन्हांत तें जगलें पाहिजे. दुसरी देव्हाऱ्याची: तें पूजेच्या तबकांत चाललें पाहिजे. तिसरी वेणीची: तें केसांत अथवा गजऱ्यांत बसलें पाहिजे. तीनही कसोट्यांस उतरला तो मोगरा, म्हणून तो परसाचा राजा. पहिल्या दोहोंस उतरली ती सदाफुली. तीही मादागास्करची; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरील औषधें निघालीं, पण त्याच्या कितीतरी आधीं आमच्या देव्हाऱ्यांत तिची सोय झाली होती. झेंडू आणि देवचाफा यांना पूजेंत घेण्याविषयीं जुन्या धर्मग्रंथांत आज्ञा असणें शक्यच नव्हतें. कोण्या घरीं कोण्या बाईनें एके सकाळीं तें फूल तबकांत ठेविलें, कोणीं हरकत घेतली नाहीं, आणि तोच निर्णय ठरला. गुलमोहर व बोगनवेल हे या नियमास अपवाद वाटतील. परंतु पाहूं गेल्यास ते नियम सिद्धच करितात. पाण्याच्या कसोटीस तीं दोन्ही उतरलीं, पुढच्या दोहोंस उतरलीं नाहींत. म्हणून एक रस्त्यावर राहिला आणि दुसरी कुंपणावर.

प्रसाराचा मार्गही हेंच सांगतो. चाफ्याची फांदी तोडून खोंचली तरी रुजते. मोगऱ्यास दाब दिली कीं पुरे. गुलबासाचें मिऱ्याएवढें काळें बीं पदराच्या गांठींत मावतें. आखाजीला माहेरीं आलेली लेक सासरीं निघतांना असलें बीं किंवा ओल्या फडक्यांत गुंडाळलेली फांदी सहज घेऊन जाई. बंदरापर्यंत फुलांस जहाजानें आणिलें असेल, पण बंदरापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या अखेरच्या मजला त्यांनीं पुष्कळदां सोयरिकींच्या वाटेनें काटल्या असाव्यात. या प्रवासाची नोंद कोणत्याही दफ्तरांत नाहीं. गुलाबाच्या अत्तराचें श्रेय जहांगीरानें आपल्या आत्मवृत्तांत नूरजहानच्या आईस दिलें आहे, म्हणून तिचें नांव उरलें. देवचाफा पहिल्यानें देवाला वाहणारीचें उरलें नाहीं.

हें सर्व आजच सांगण्याचें प्रयोजन असें कीं, तीं कसोट्यांची जागाच आतां मोडूं लागली आहे. यावल व रावेर या तालुक्यांत जमिनीखालच्या पाण्याचा उपसा मर्यादेबाहेर गेलेला आहे. विहिरी मागें पडून विंधणविहिरी दरवर्षीं खोल जात आहेत. न्हाणीचें पाणी बंद गटारांत जातें, परसावर फरशी किंवा सिमेंट येतें, आणि फूल हवें तर तें बाजारांतून येतें. बाजार आणून देतो. राखून ठेवण्याचें काम त्याचें नव्हे. पूर्वीं जें आलें त्यांतून निवड करणारें, निवडलेल्यास आपलें नांव व आपला देव देणारें असें एक ठिकाण प्रत्येक घरामागें होतें. तें नाहींसें झाल्यास हानि केवळ शोभेची होणार नाहीं.

उपाय अवघड नाहीं. न्हाणीचें पाणी पुन्हां एखाद्या आळ्याकडे वळवितां येतें. त्यावर एक मोगरा आणि एक चाफा सुखानें जगतो. दुसरें काम वाचक कुटुंबांनीं याच चैत्रांत करावें, असें आम्ही सुचवितों. घरांतील वडील स्त्रियांस जवळ बसवून परसांतील प्रत्येक झाडाचें घरगुती नांव, त्याची फांदी कोणाकडून आली, तें कोणत्या देवास वाहतात, हें एका वहींत लिहून ठेवावें. बऱ्हाणपुरच्या बागांस इतिहासकार मिळाले. सावद्याच्या परसांस तो अद्याप मिळावयाचा आहे, आणि त्याला लागणारें साधन अजून कांहीं वर्षेंच आपल्या घरांत बोलतें आहे.