आयर्लंडचीं मद्यगीतें

आयर्लंडचा माणूस म्हटला कीं हातांत पेला आणि ओठांवर गाणें, असें एक चित्र जगाच्या मनांत पक्कें बसलें आहे. तें रंगविण्यांत इंग्रज रंगभूमीचा वांटा मोठा. दारूच्या तारेंत बडबडणारा, भांडखोर पण भोळा आयरिश गडी तेथील नाटकांनीं पिढ्यान् पिढ्या नाचविला. आणि ज्या देशावर राज्य करावयाचें, तेथील लोकांना स्वतःचें घरही सांभाळतां येत नाहीं, हें अशा हास्यांतून सहज पटवितां येतें. परंतु ज्यांना आयरिश मद्यगीतें म्हणतात, तीं श्रोत्यांनीं लक्ष देऊन ऐकावीं. दारूची निर्भेळ स्तुति त्यांत वाटते तितकी आढळत नाहीं.

आयरिश भाषेंतील काहल बुई या अठराव्या शतकांतील भटक्या कवीचें एक गीत फार नांवाजलेलें आहे. बगळ्याच्या कुळांतील एक पिवळसर पक्षी गोठलेल्या सरोवराच्या कांठीं तहानेनें मरून पडलेला त्याला दिसतो. कवि स्वतः मद्यासक्त. दारू सोड, नाहींतर मरशील, असा घरचा धोशा चाललेला. त्याला मात्र त्या पक्ष्यांत आपला सगा भाऊ दिसतो, आणि घसा कोरडा ठेवल्याचें फळ तें हेंच, असा तो उलट निष्कर्ष काढतो. वरून थट्टा, आंतून विलाप! या गीताचा इंग्रजी अनुवाद करणारा टॉमस मॅक्डोना हा १९१६ च्या डब्लिनच्या उठावाचा एक पुढारी. त्याच वर्षीं मे महिन्यांत इंग्रज सरकारनें त्याला गोळ्या घातल्या.

मद्यपी म्हणून हिणविलेल्या याच देशांत १८३८ सालीं कॉर्क शहरीं फादर मॅथ्यू यांनीं संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ आरंभिली आणि थोड्याच वर्षांत लाखों लोकांनीं शपथ घेतली, ही गोष्ट गाण्यांच्या गोंगाटांत विसरली जाते. पुढें १८४५ पासून बटाट्याचें पीक नासून भीषण दुष्काळ पडला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, त्याहून अधिक देशांतर करून गेलीं.

या परागंदा लोकांबरोबर गाणींही समुद्रापार गेलीं आणि तेथील नाट्यगृहांत त्यांना निराळेंच रूप आलें. ‘फिनेगन्स वेक’ हें विनोदी गाणें १८६० नंतरच्या दशकांतलें. विटा वाहणारा मजूर शिडीवरून पडून मेला असें समजून लोक त्याच्या प्रेताजवळ रात्र जागवितात. तेथें मारामारी जुंपते, व्हिस्की अंगावर सांडते, आणि मेलेला उठून बसतो. ‘व्हिस्की’ या शब्दाचें गेलिक मूळ ‘जीवनाचें पाणी’ असें आहे, हें ठाऊक असल्यावर यांतील खोंच कळते. जेम्स जॉइसनें १९३९ सालच्या आपल्या कादंबरीस हेंच नांव दिलें.

‘द वाइल्ड रोव्हर’ या गाण्याचें नशीब तर याहून विलक्षण. आज गुत्त्यांत मेजावर थापा मारीत तें गातात. पण त्यांतला नायक उधळेपणाला विटून, आईबापांची क्षमा मागण्यास घरीं निघाला आहे! शिवाय त्याचीं मुळें आयर्लंडांत नसून सतराव्या शतकांतील इंग्लंडच्या छापील गीतपत्रकांत सांपडतात.

खेड्यांतील जुनें गाणें बहुधा घरच्या चुलीजवळ, वाद्याच्या साथीवांचून चाले. तें गुत्त्याशीं जोडलें गेलें तें मुख्यतः ध्वनिमुद्रिकांमुळें. न्यूयॉर्कमध्यें क्लॅन्सी बंधूंनीं १९५९ सालीं मद्यगीतांची एक तबकडीच काढली. १९६२ त डब्लिनच्या एका गुत्त्यांतून ‘डब्लिनर्स’ हा गायकसंच पुढें आला. त्यांचें १९६७ सालचें ‘सेव्हन ड्रंकन नाइट्स’ हें मूळ एका जुन्या स्कॉटिश पोवाड्याचें रूपांतर. आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणीनें त्यास मनाई केली. समुद्रांत नांगरलेल्या जहाजावरील ‘रेडिओ कॅरोलाइन’नें मात्र तें वाजविलें, आणि इंग्लंडांतील विक्रीच्या यादींत तें सातव्या क्रमांकावर पोहोंचलें. नांवांत रात्री सात आहेत. तबकडीवर पांचच म्हटल्या आहेत.