लॅपटॉप सुरू होत नाही तेव्हा

लॅपटॉपचे बटण दाबावे आणि दिवा लागू नये, पंख्याचा आवाज येऊ नये, पडदा काळाच राहावा, असा प्रसंग आला की 'मदरबोर्ड गेला' हा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. हा निष्कर्ष महागात पडतो. जुन्या यंत्राचा मदरबोर्ड बदलण्याचा खर्च कित्येकदा त्या यंत्राच्या उरलेल्या किमतीइतका होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात दोन-चार दुकाने फिरून दुसरे मत तरी घेता येते. धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावी ती सोय नसते. शहरात काही वर्षे वापरलेला लॅपटॉप पुष्कळदा गावाकडे भावंडांच्या अभ्यासासाठी पाठवला जातो. तो तिथे बंद पडला की जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते आणि सुटा भाग तिथेही न मिळाल्यास लातूर किंवा सोलापूर. म्हणून यंत्र पिशवीत घालण्यापूर्वी घरच्या घरी होणारी तपासणी मोलाची ठरते.

'सुरू होत नाही' या एका तक्रारीखाली तीन वेगळे दोष येतात. पहिल्यात यंत्र पूर्णतः निर्जीव असते. दुसऱ्यात दिवा लागतो, पंखा फिरतो, परंतु पडद्यावर काही येत नाही. तिसऱ्यात कंपनीचे नाव दिसते आणि पुढे विंडोज उघडत नाही. तिसरा दोष बहुधा हार्ड डिस्कचा किंवा सॉफ्टवेअरचा असतो. तो येथे बाजूला ठेवू.

निर्जीव यंत्राची तपासणी भिंतीपासून सुरू करावी. त्या सॉकेटमध्ये दुसरे उपकरण चालते का, तारेचा अ‍ॅडॉप्टरमध्ये जाणारा भाग सैल आहे का, अ‍ॅडॉप्टरवरील दिवा लॅपटॉपला जोडताच विझतो का, हे प्रश्न क्षुल्लक वाटले तरी निम्मे काम येथेच होते. जोडताच दिवा विझत असेल, तर लॅपटॉपच्या आत शॉर्ट असण्याचा किंवा अ‍ॅडॉप्टर दुबळा झाल्याचा संशय घ्यावा. काही शे रुपयांत मिळणाऱ्या मल्टिमीटरने गोल पिनेवरील दाब मोजता येतो. बहुतेक अ‍ॅडॉप्टरवर १९, १९.५ किंवा २० व्होल्ट असे छापलेले असते आणि मोजलेला आकडा त्याच्या आसपास असावा लागतो. मात्र आकडा बरोबर आला म्हणून अ‍ॅडॉप्टर निर्दोष ठरत नाही. जुना अ‍ॅडॉप्टर मोकळा असताना पूर्ण दाब दाखवतो आणि भार पडताच कोसळतो. त्यासाठी तितक्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तीच पिन असलेला दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहणे हीच खरी परीक्षा.

यूएसबी-सी चार्जरला हा नियम लागू नाही. हा चार्जर आधी केवळ ५ व्होल्ट देतो. लॅपटॉपशी त्याची 'बोलणी' झाल्यावरच दाब वाढतो. त्यामुळे मल्टिमीटरवर ५ दिसले म्हणजे तो बिघडला असे नव्हे. उलट मोबाइलचा कमी वॅटचा चार्जर लावून लॅपटॉप सुरू होत नाही, अशी तक्रार घेऊन येणारेही बरेच असतात.

ग्रामीण भागात विजेचा पुरवठाच अनेक बिघाडांचे मूळ असतो. घरगुती विजेचा अपेक्षित दाब २३० व्होल्ट आणि बहुतेक अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट सोसतात. कमी दाबाने त्यांचे फारसे बिघडत नाही. धोका असतो तो न्यूट्रल तार तुटली तर. तेव्हा एखाद्या घरात ३०० व्होल्टहून अधिक दाब येऊ शकतो. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडल्यावरही असाच फटका बसतो. पुष्कळदा अ‍ॅडॉप्टर हा घाव स्वतःवर घेतो आणि लॅपटॉप वाचतो. म्हणूनच 'वीज पडली, सगळे संपले' असे समजून यंत्र भंगारात देणे घाईचे होय.

अ‍ॅडॉप्टर ठीक असल्यास पुढचा उपाय अगदी साधा आहे. चार्जर काढावा, बॅटरी निघणारी असल्यास तीही काढावी आणि सुरू करण्याचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. नंतर फक्त चार्जर जोडून पाहावे. बटणाची दखल घेणारी आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारी एक लहानशी चिप मदरबोर्डवर असते. ती अडकून पडली की सारे यंत्र मुके होते. साठून राहिलेला विद्युतभार निघून गेल्यावर ती पुन्हा कामाला लागते. उपाय जादूटोण्यासारखा वाटतो, पण त्याने जिवंत झालेली यंत्रे कमी नाहीत.

पंखा फिरतो पण पडदा काळा, अशा वेळी अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. पुसट चित्र दिसले तर दोष मागील प्रकाशाचा. बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडून चित्र आले तर दोष पडद्याचा वा त्याच्या केबलचा. दोन्हींवर काहीच नसेल तर रॅम काढून, तिच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबरने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवावी. अर्थात, अलीकडच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते. तिथे हा मार्ग बंद.

बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर तपासणी तिथेच थांबवावी. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. सोनीच्या सेलमुळे डेल कंपनीने २००६ मध्ये ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, यावरून लिथियमच्या आगीचे गांभीर्य ध्यानात यावे.

यापुढचे काम कारागिराचे. जाणता कारागीर बोर्डवरील मुख्य वाहिनी शॉर्ट आहे का, ३.३ आणि ५ व्होल्टचे पुरवठे तयार होतात का, हे क्रमाने पाहतो. एखादा शॉर्ट झालेला कॅपॅसिटर किंवा मॉसफेट बदलून बोर्ड वाचू शकतो. ग्राफिक्स चिप तापवून लॅपटॉप 'दुरुस्त' करण्याची पद्धत एके काळी बोकाळली होती. एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपांच्या बांधणीतील दोषासाठी २००८ मध्ये १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, तो याच सुमाराचा काळ. तापवलेली चिप काही आठवडे चालते आणि पुन्हा बंद पडते; त्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

यंत्राहून आतील माहिती अधिक मोलाची असते, याचा विसर दुरुस्तीच्या घाईत पडतो. यंत्र मेले तरी सुटी हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून, एका केसमध्ये बसवून दुसऱ्या संगणकावर वाचता येते. मात्र नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये माहिती अनेकदा आपोआप कूटबद्ध झालेली असते. बोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का, हे यंत्र देण्यापूर्वीच पाहावे. काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः अ‍ॅपलच्या अलीकडच्या मॅकबुकमध्ये, साठवणीच्या चिपा बोर्डवरच असतात. तिथे बोर्ड बदलणे म्हणजे माहितीवर पाणी सोडणे. दुकानदाराला हे आधी विचारावे, पावतीवर सीरियल क्रमांक आणि तक्रार लिहून घ्यावी आणि बदललेला जुना भाग परत मागावा.