प्रॅक्टिकलला मार्क द्यायचे कसे?

बारावीचं प्रॅक्टिकल आठवतंय ना? ७० थिअरी, ३० प्रॅक्टिकल, सही झालेलं जर्नल, आणि व्हायवा घ्यायला आलेले एक्सटर्नल. आजची गोष्ट मात्र इंग्लंडची. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या शोधाला मार्क कसे द्यायचे, यावर तिथे अनेक वर्षं डोकेफोड चालली आहे.

सुरुवात भारी होती. १९७० च्या दशकात नफील्ड ए-लेव्हल फिजिक्स हा कोर्स आला. ए-लेव्हल म्हणजे तिकडची अकरावी-बारावी समजा. पॉल ब्लॅक आणि जॉन ऑगबर्न यांनी तो उभा केला. त्यात प्रत्येकाने साधारण दोन आठवडे स्वतः निवडलेल्या प्रश्नामागे लागायचं. उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नाही, कदाचित सरांनाही माहीत नाही. रीडिंग विचित्र आलं तर ते का आलं, हे शोधणं हाच अभ्यास! मार्क शिक्षकच देणार.

१९८९ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने असा तपास सरकारी शाळांतल्या सगळ्या मुलांसाठी सक्तीचा केला, आणि तिथे गाडी फसली. आता शाळेचं नाव निकालावर ठरणार, मग धोका कोण पत्करणार? तारेची लांबी वाढवली की रेझिस्टन्स वाढतो का, हाच ‘शोध’ वर्षानुवर्षं. उत्तर आधीच माहीत, फक्त मार्कांच्या चौकटी भरायच्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे: टेस्ट पास होण्यापुरता कोड.

ए-लेव्हललाही तेच दुखणं. शाळेत दिलेले प्रॅक्टिकलचे मार्क सगळे वरच्या टोकाला गोळा व्हायचे, मग कोण खरंच हुशार हे कळणार कसं? म्हणून परीक्षा नियामक ऑफक्वालने २०१५ पासूनच्या कोर्समध्ये प्रॅक्टिकल ग्रेडमधूनच काढून टाकलं. आता किमान १२ प्रयोग करायचे, शिक्षक कौशल्यं तपासणार, आणि सर्टिफिकेटवर वेगळा ‘पास’ येणार. शिवाय लेखी पेपरात किमान १५ टक्के मार्क प्रयोगांवरच्या प्रश्नांना.

यावर वैज्ञानिक संस्था भडकल्या. शिक्षणमंत्री निकी मॉर्गन यांनीही जाहीर टीका केली. भीती साधी होती: मार्क नाहीत तर लॅबवर पैसे आणि वेळ कोण घालवणार?

मला ऑफक्वालचं निम्मं पटतं. मार्क गेले तसं खोटं रीडिंग लिहायचं कारणही गेलं. पण नफील्डचे ते दोन आठवडे काही परत आले नाहीत. १२ प्रयोग बहुतेक ठरलेलेच असतात. शेजारच्या वेल्सने मात्र प्रॅक्टिकलचे मार्क ग्रेडमध्येच ठेवले.