तांब्याची तार आणि नदीचा राखणदार

काश्मीरच्या लिद्दर नदीतला ब्राउन ट्राउट हा मूळचा काश्मिरी नाही. १८९९ मध्ये इंग्लंडहून निघालेली त्याच्या अंड्यांची पहिली खेप फुकट गेली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी जगली, आणि फ्रँक मिचेल नावाच्या साहेबाच्या खटपटीने ट्राउट खोऱ्यात रुजला. ही कथा इथे पोस्टिंगवर आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ऐकवतं. ज्या नकली माशीने हा मासा आज पकडतात तिची कथा मात्र मेसमध्ये कुणी सांगत नाही. ती विल्टशरची आहे, आणि तिच्यात फौज पुरेपूर आहे.

आधी मासा काय खातो ते पाहू. मे-फ्लाय नावाचा किडा पंख फुटल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगतो. त्याआधीचं सगळं आयुष्य तो नदीच्या तळाशी, दगडांखाली आणि शेवाळात काढतो. या अवस्थेतल्या किड्याला निम्फ म्हणतात. ट्राउटचं बहुतेक पोट या निम्फवरच भरतं. पृष्ठभागावर येऊन माशी टिपणं हा त्याचा क्वचितचा चैनीचा घास.

तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी असा दंडक घालून दिला की सभ्य माणसाने फक्त तरंगणारी माशी वापरावी, तीही वर आलेल्या माशापुढे आणि प्रवाहाच्या उलट दिशेने टाकावी. १८८६ च्या त्यांच्या पुस्तकानंतर हा दंडक जवळजवळ धर्मच झाला. त्याला धक्का दिला जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाने. मासा जे खातो ते त्याला द्यायला काय हरकत आहे, एवढाच त्यांचा सवाल. त्यांचं पुस्तक १९१० मध्ये आलं. १९३८ मध्ये, स्क्यूज ऐंशीच्या घरात असताना, लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये या विषयावर रीतसर वादसभा भरली. एका किड्यावरून एवढं रण! पण आपल्याकडेही बूट पॉलिशच्या पद्धतीवरून दोन पलटणी बोलेनाशा झालेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हसायचं कुणाला?

स्क्यूजचे निम्फ मात्र बिनवजनाचे. ते पृष्ठभागाच्या जरा खाली तरंगत जात. खोलवर बसलेल्या माशापर्यंत ते पोचत नसत.

आता फौज येते. ब्रिटिश युद्धखात्याने १८९७ पासून सॅलिसबरी प्लेनची जमीन सरावासाठी विकत घ्यायला सुरुवात केली. त्या जमिनीतून एव्हन नदी वाहते. पुढे तिच्या पाण्यावर अधिकाऱ्यांची मासेमारी संघटना उभी राहिली. नावच ‘ऑफिसर्स फिशिंग असोसिएशन’. १९२८ मध्ये या संघटनेने नेदरएव्हन गावी नदीचा राखणदार म्हणून फ्रँक सॉयर या बावीस वर्षांच्या तरुणाला नेमलं. जन्म शेजारच्या बुलफर्डचा, एव्हनच्याच काठचा. काम काय? शेवाळ कापायचं, गाळ काढायचा, पाइक मासे मारायचे, काठ राखायचे. मासे पकडायचे ते साहेबांनी.

पण साहेब सुटीला यायचे आणि बदली होऊन जायचे. नदीकाठी रोज सॉयर असायचा. कोणता किडा कसा पोहतो हे तो तासन् तास पाहत बसे. त्याला दिसलं की पोहणारा निम्फ पाय अंगाशी चिकटवून घेतो आणि शेपटीच्या जोरावर सुळकन सुटतो. म्हणजे कारागीर लोक माशीला पाय म्हणून जी पिसं लावत होते ती निरुपयोगीच नव्हेत, तर बुडण्याच्या आड येणारी होती. त्याने पाय काढले. मग दोराही काढला. उरलं काय? गळ, तांब्याची बारीक तार आणि नर फेझंटच्या शेपटीच्या पिसाचे तीन-चार तंतू.

बांधायची रीत अशी. गळाच्या दांड्यावर तार गुंडाळायची आणि डोळ्याच्या जरा मागे, जिथे किड्याची छाती येते, तिथे आणखी वेढे देऊन उंचवटा करायचा. तार परत वाकापाशी आणायची. तंतूंची टोकं जेमतेम तीन मिलिमीटर बाहेर ठेवून बांधली की ती शेपटी झाली. मग तंतू आणि तार एकत्र पिळून डोळ्यापर्यंत वेढे घ्यायचे. तिथून तार उंचवट्यामागे न्यायची, तंतू त्यावरून मागे दुमडून बांधायचे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. ही न उघडलेल्या पंखांची पिशवी. शेवटची गाठसुद्धा तारेचीच. तार इथे दोरा आहे, वजन आहे आणि रंगही आहे, कारण पीस भिजलं की तांबूस झाक आतून दिसते. चार कामांना चार वस्तू मागणाऱ्या कुठल्याही स्टोअरवाल्याने हे एकदा पाहावं.

मी जळलेल्या टेबल फॅनच्या वाइंडिंगमधली तार वापरतो. पीस बाहेरून मागवतो. आपल्या हिमालयातले मोनाल, कालीज हे कायद्याने संरक्षित आहेत, त्यांच्या पिसाला हात लावायचा नाही. एका संध्याकाळी माझं हे काम बघून मालवणकडचा एक हवालदार म्हणाला, “साहेब, आमच्याकडे गरवूक सुंगटां लावतत. ह्या तारेक मासो कशाक येतलो?”

“उद्या चला, बघू,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो काठावर उकिडवा बसला आणि माझ्याआधी त्यालाच दिसलं. “साहेब, मासो वळलो!” मी काठीचं टोक उचललं, मासा लागला होता. पाण्याखालच्या माशाचा घास दोरीवर जाणवत नाही, तो पाहावा लागतो. दर्याकाठच्या माणसाला ते शिकवावं लागलं नाही.

सॉयरची दुसरी युक्तीही या पाहण्यातूनच आली. निम्फ माशासमोर आला की काठीचं टोक हलकेच उचलायचं. निम्फ वर सुटतो, आणि निसटणारा घास पाहून मासा विचार न करता झेपावतो. लिद्दरमध्ये खडकांमागच्या स्थिर पाण्यात ती फार उपयोगी पडते.

सॉयरला लिहितं करण्यात वृद्ध स्क्यूजचा हात होता. दोघांचा पत्रव्यवहार असे. १९५८ मध्ये सॉयरचं निम्फवरचं पुस्तक आलं. त्याच गावात मेजर ऑलिव्हर काइट राहत होता. त्याने विद्या सॉयरकडून घेतली, झपाट्याने आत्मसात केली आणि १९६३ मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं. पुढे तो टेलिव्हिजनवर झळकला. पीससुद्धा नको, गळावर नुसती तार पुरे, हे त्याने मासे पकडून दाखवलं. माणूस हुशार होता, यात शंका नाही. पण देशभर नाव झालं ते मेजरचं, आणि ज्याच्याकडून शिकला त्याच्याशी संबंध बिघडले.

काही जण म्हणतात, काइट नसता तर ही पद्धत एवढी पसरलीच नसती. खरं असेल. तरी मला सॉयरची बाजू जवळची वाटते. वीस वर्षांच्या नोकरीत मी अशी कितीतरी टिपणं वाचली आहेत ज्यांतलं ज्ञान सुभेदार साहेबांचं आणि खालची सही अधिकाऱ्याची. काही टिपणांखाली सही माझीही होती. प्रसार करणारा लागतोच, पण पहिल्या पानावर दोन नावं छापायला शाई किती जास्त लागते?

काइट १९६८ मध्ये मासेमारी करतानाच गेला. सॉयर १९८० मध्ये एव्हनच्या काठावर मृतावस्थेत सापडला. बावन्न वर्षं त्याने जे पाणी राखलं त्यावर आजही फौजी लोक मासे धरतात. संघटनेचं नाव पुढे बदललं. आता ती ‘सर्व्हिसेस ड्राय फ्लाय फिशिंग असोसिएशन’, म्हणजे तरंगत्या माशीवाल्यांची संघटना.