पहिल्या ओळीतली दोन चिन्हं

लिनक्सवर पायथनचा दुसरा इंटरप्रिटर, समजा पायपाय, बसवायला फार खटाटोप लागत नाही. फाइल डाउनलोड करून एखाद्या वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडायची आणि आतल्या प्रोग्रामची सिमलिंक पाथमध्ये ठेवायची. सिस्टिमच्या मूळ पायथनला मात्र हात लावायचा नाही, कारण उबुंटूसारख्या लिनक्स वितरणाची स्वतःची कितीतरी कामं त्याच्याच भरवशावर चालतात. आता एका मशीनवर दोन पायथन झाले. एखादी स्क्रिप्ट त्यांतल्या कोणाकडे जाणार, हे तिच्या पहिल्या ओळीत '#!' या दोन चिन्हांपुढे लिहिलेलं असतं.

युनिक्समध्ये ही सोय सुरुवातीपासून नव्हती. सत्तरच्या दशकात कर्नल फक्त कंपाइल केलेले प्रोग्राम चालवायचा. साध्या मजकुराची फाइल दिली की तो नकार द्यायचा, मग शेल ती आपलीच समजून वाचायला घ्यायचा. शेल एकच होता तोवर हे निभावलं. पुढे बर्कलीत बिल जॉय यांनी सी-शेल लिहिला. त्याचं व्याकरण निराळं, त्यामुळे कुठली फाइल कोणाची हे ओळखायची पंचाईत झाली. सी-शेलने तोडगा काढला: पहिलं अक्षर '#' असेल तर फाइल आपली, नसेल तर जुन्या शेलची. दोघांची वाटणी झाली, पण तिसऱ्याला त्यात जागाच नव्हती.

ती जागा बेल लॅब्जच्या डेनिस रिची यांनी केली. फाइल '#!' ने सुरू होत असेल तर त्या ओळीत पुढे इंटरप्रिटरचं नाव आहे असं कर्नलने समजायचं, हा बदल त्यांनी १० जानेवारी १९८० च्या ईमेलमधून सहकाऱ्यांना कळवला. नाव पूर्ण पत्त्यासह द्यायचं, शोधाशोध होणार नाही. आणि तूर्त अख्खी ओळ १६ अक्षरांत बसवायची. फायदे सांगताना त्यांनी पर्यायी शेल आणि इतर इंटरप्रिटर यांचाही उल्लेख केला. खरी दूरदृष्टी इथेच दिसते. निवड शेलच्या अंदाजावरून उठली आणि फाइल लिहिणाऱ्याच्या हातात आली. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची पर्ल ही भाषा आली, १९९१ मध्ये गिदो व्हान रॉसम यांची पायथन. त्यांच्या स्क्रिप्ट चालवण्यासाठी कर्नलमध्ये काही नव्याने घालावं लागलं नाही.

पूर्ण पत्त्याची अट मात्र जाचक ठरली. पायथन एका मशीनवर इथे, दुसऱ्यावर तिथे. मग लोकांनी 'एन्व्ह' या जुन्या कमांडलाच पहिल्या ओळीत इंटरप्रिटर म्हणून बसवलं. ती पाथमध्ये शोधून सापडेल तो पायथन चालवते. सोयीचं आहे, पण त्या नावामागे उद्या कोण उभा असेल याची हमी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये आर्च लिनक्सने नुसत्या 'पायथन' या नावामागे तिसरी आवृत्ती उभी केली आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट अडखळल्या.

ओळीच्या लांबीचा प्रश्न तर अगदी अलीकडे पेटला. लिनक्स १२७ अक्षरांपुढचा मजकूर गुपचूप कापून टाकत असे. ५.० आवृत्तीच्या तयारीत हे कापणं थांबवून लांब ओळीला थेट नकार देणारा बदल आत आला. निक्सओएस या वितरणात प्रत्येक पॅकेजच्या पत्त्यात लांबलचक हॅश असतो. तिथल्या काही पर्ल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळी मर्यादेबाहेर जात होत्या, तरी आजवर बिनबोभाट चालत होत्या, कारण पर्ल सुरू झाल्यावर ती ओळ स्वतः पुन्हा वाचते. कर्नलने कापलेले पर्याय तिला तिथे मिळतात. नव्या नियमाने त्या बंद पडल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये लिनक्सचे निर्माते लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनी बदल मागे घेतला. मे महिन्यात आलेल्या ५.१ मध्ये या ओळीसाठीचा बफर २५६ बाइटचा झाला. नकाराचा नियमही सुधारण्यात आला: कापल्यामुळे इंटरप्रिटरचा पत्ताच अर्धवट राहत असेल, तरच स्क्रिप्ट अडवायची.