आज्जीची फळी आणि मद्दुचं पुडकं

आमच्या आज्जीचं माहेर संकेश्वरचं. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात नांदायला आली तरी अर्धं बोलणं कानडीतच. विहिरीचं काम चाललेलं तेव्हाची ही गोष्ट, घरात शंभरदा ऐकलेली. खाली काळा पाषाण लागला. सुरुंग लावणारा गडी कानडी मुलखातला. वळवाचं आभाळ भरून आलं तसं त्यानं एक पुडकं आज्जीच्या हातात दिलं. "अव्वा, मद्दु ऐती, भिजू देऊ नको."

मद्दु म्हणजे औषध, एवढं आज्जीला पक्कं ठाऊक. तिनं ते चुलीच्या वरच्या फळीवर, ओव्याच्या डब्याशेजारी ठेवलं. ऊब राहील म्हणून! रात्री आज्जा जेवायला बसला, वर बघितलं, तर फळीवर काळी पूड सांडलेली. ताटावरनं उठला, पुडकं दोन्ही हातांनी धरून बाहेर गेला. एक शब्द बोलला नाही म्हणे.

आता आज्जीचं चुकलं कुठं सांगा. कानडीत औषधही मद्दु, तोफेची दारूही मद्दु. दारूगोळा म्हणजे मद्दुगुंडु. आणि आपण मराठी तरी काय वेगळं करतो? दारू हा शब्द फारसीतला, मूळ अर्थ औषधच. 'दवादारू'त तो अजून शाबूत हाय. पुढं तोच बंदुकीत शिरला, बाटलीतही शिरला (दुसऱ्यानं जास्त घरं उडवली, ते सोडा). चिनी लोकसुद्धा या पुडीला 'आगीचं औषध' म्हणतात.

सुरुंगाची तऱ्हा वेगळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली सुरुंगा म्हणजे नुसतं भुयार, त्यात दारूचा संबंध नाही. भुयार आणि दारू यांची गाठ पडली ती आपल्या बेळगावच्या किल्ल्याखाली. 1473 च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गावाननं वेढा घातला, भुयारं खणून त्यात दारू ठासली आणि तट उडवला. दक्षिणेत तोवर हा प्रकार माहीत नव्हता, असं फिरिश्ता लिहितो. आज 'सुरुंग लावला' म्हटलं की धडाका आठवतो, भुयार नाही.

बाणाचंही तेच. जुन्या कागदांत फौजेचे बाण वाचले की आपण धनुष्य शोधतो. पण कितीदा ते दारू ठासलेले अग्निबाण असतात, दिवाळीत पोरं बाटलीत उभे करतात त्यांचेच थोरले भाऊ.

विहिरीला पुढं पाणी लागलं, गोडं. आज्जी मात्र शेवटपर्यंत औषधाची कुठलीही पुडी आधी उघडून वास घ्यायची, मगच फळीवर ठेवायची.